हिरवा ठिपका

अस्मिता मॅडमनी तो पितळी भाग पांढऱ्या कागदावर उलटा धरला आणि पेन्सिलीने हलकेच ठोकला. आट्यांतून चिमूटभर लाल पूड खाली पडली.

"गंज नाही हा," त्या म्हणाल्या. "कुंकू आहे."

तपासणीच्या टेबलाभोवतीच्या बायका कागदाकडे बघत राहिल्या. रत्नप्रभाने हातातला गेज फडक्याने पुसायला घेतला. तो आधीच लख्ख होता.

युद्ध सुरू झालं तसे भांडुपच्या या कारखान्यात नळांऐवजी तोफगोळ्यांच्या फ्यूजचे भाग बनू लागले होते. बायकांच्या दोन पाळ्या लागल्या. आट्यांत कण राहिला तर गोळा हवा तिथे फुटत नाही, नको तिथे फुटतो, हे सगळ्यांना बजावलेलं. टेबलापाशी पावडरसुद्धा आणायची नाही. रत्नप्रभा मात्र कमरेच्या बटव्यात कुंकवाची डबी बाळगायची. नवा ट्रे आला की पहिल्या नगाला हळूच बोट टेकवायची, आणि ट्रे संपला की तेवढा नग पुसून जागेवर ठेवायची. सीमेवर कुणाचा तरी लेक उभा आहे, एवढंच तिच्या मनात. इतर कुणाला कळायचं नाही; शेजारच्या चंपाच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे.

"रत्नाताई, एकदाची ओटीच भर ना त्या गोळ्याची," ती कुजबुजायची, आणि दोघी पदराआड हसायच्या.

ट्रे तपासून झाला की जी ती त्यावर आपल्या रंगाचा ठिपका लावायची. परत आलेल्या ट्रेवर हिरवा ठिपका होता. हिरवा चंपाचा, निळा रत्नप्रभाचा. पण ट्रे होता रत्नप्रभाचाच. तो तपासायला आला त्या संध्याकाळी देवळात कीर्तन सप्ताह बसला होता. बुवांचं नमन चुकेल म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ट्रे अर्धाच झालेला. तेव्हा चंपानेच तिला उठवलं होतं.

"जा तू. तुझी जागा मी धरते."

आता मॅडमनी विचारलं, ठिपका कुणाचा. चंपा उभी राहिली. तिने एकदा रत्नप्रभाकडे पाहिलं आणि नजर कागदावर आणली.

"माझा."

चौकशी होईपर्यंत घरी बस, असं सांगून मॅडमनी तिचा पास काढून घेतला. चहाच्या सुट्टीत सांगू, असं रत्नप्रभाने ठरवलं. मग पाळी सुटल्यावर सांगू, असं ठरवलं. पाळी सुटली आणि पाय सवयीने देवळाकडे वळले.

पूर्वरंग संपला होता. बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का फिरू लागला. एवढ्यात शेजारी कुणीतरी टेकलं. चंपा. ती आजवर या देवळाची पायरी चढली नव्हती.

"म्हटलं, बघू तरी तू रोज कशाला पळतेस," ती म्हणाली. "आता वेळच वेळ आहे मला."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बायकांना बुक्का लावत देवळातल्या शुभावहिनी समोर आल्या. चंपाने कपाळ पुढे केलं. रत्नप्रभाला मान वर करवेना. वहिनींचं बोट तसंच अधांतरी राहिलं. त्यांनी दोनदा हाक मारली आणि शेवटी पुढच्या रांगेकडे वळल्या.

चंपा तिच्या कानाशी वाकली.

"पुसायचं राहिलं, एवढंच ना गं?"

बुवांनी चिपळ्या उचलल्या. पेटीने सूर धरला, मंडपातल्या साऱ्या टाळ्या एका ठेक्यात पडू लागल्या. मांडीवरचे रत्नप्रभाचे तळवे एकमेकांना भेटेनात. कीर्तनातून मधेच उठणाऱ्यांना तिने आजवर मनातल्या मनात किती बोल लावले होते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मागच्या बायकांनी चुकचुक केली.

"दुसरी पाळी चालू असेल अजून," ती म्हणाली. "मॅडम असतील."

चंपाने आपली पिशवी उचलली आणि सतरंजीवरच्या मोकळ्या जागेत ठेवली.

"जा तू," ती म्हणाली. "तुझी जागा मी धरते."