दार लावेपर्यंतचा सिनेमा

आमच्या सुनेला कामाचा कंटाळा नाही, उलट उत्तर द्यायची सवय नाही, पण दुसऱ्याचा सिनेमा घेऊ नये एवढी साधी गोष्ट तिला माहेरी कोणी शिकवली नाही.

आमच्या घरात प्रत्येकाचा एक सिनेमा आहे. ज्याचा वाढदिवस, त्याचा सिनेमा लागतो. त्या दिवशी हातांची खुर्ची त्याची, रिमोट त्याचा, आणि मधे कोणी बोलायचं नाही. माझ्या नणंदेचा सिनेमा कुत्र्याचा. वन्सं आधी शेवट लावून कुत्रा जिवंत आहे ना ते बघून घेतात, मगच पहिल्यापासून लावू देतात. आजवर एकदाही मेलेला नाही, तरी त्यांना खात्री वाटत नाही. आमच्या ह्यांचा सिनेमा तुरुंगाचा. का आवडतो, तर थिएटरात तो बघताना ह्यांची दाढ ठणकायची थांबली. अजूनही घरात कोणी गालाला हात लावला की हे तुरुंग लावायला उठतात. मुलाचा सिनेमा ट्रकचा. तो ट्रक आमच्या लाँड्रीच्या शटरच्या रंगाचा आहे, याच्यापलीकडे त्यात काही असल्याचं मला तरी दिसलेलं नाही. पण मी कोणाला काही म्हणत नाही. कारण ज्याचं त्याचं. फक्त सिनेमा एकाचा एकच.

माझा सिनेमा त्या बाईचा. तिचा मुलगा तिला न विचारता लग्न करून बायकोला घेऊन येतो, दारात उभा राहतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. बाई ऐकून घेते. मग दार लावते, आतून कुलूप घालते, किल्ली कमरेला खोचते आणि चहा ठेवते. डोळ्यांत टिपूस नाही. साडीची इस्त्री मोडलेली नाही. मी पहिल्यांदा थिएटरात हे बघितलं, दिवे लागले आणि मी उठले. शेजारची म्हणाली, अहो, हे मध्यंतर आहे, अजून अर्धा बाकी आहे. म्हटलं, असू दे. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी असेल.

तेव्हापासून घरी तो तेवढाच लागतो. किल्ली कमरेला गेली की मी टीव्ही बंद करते आणि सगळे जेवायला उठतात. मुलगा त्याच्यावरच लहानाचा मोठा झाला. शाळेतल्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, पुढे आणखी आहे म्हणून. मी म्हटलं, त्यांच्या घरी कामं नसतील.

तर सुनेचा आमच्याकडचा पहिला वाढदिवस जवळ आला. जेवताना मी तिला रीतसर विचारलं, तुझा सिनेमा कोणता. तिने माझ्या सिनेमाचं नाव घेतलं.

मला वाटलं, हिला रीत माहीत नाही. समजावून सांगितलं. तर म्हणते, "आई, मला दुसरा नाही आवडत इतका."

"अगं, घरात एवढे सिनेमे आहेत. माझ्या सासूबाईंचा त्या गेल्यापासून रिकामाच पडलाय. तो घे."

"तो युद्धाचा आहे ना?"

"युद्ध थोडंच आहे. मधेमधे जेवतात."

"नको. मला हाच आवडतो. शेवटासाठी."

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "कुठला शेवट?"

मुलगा बायकोकडे असा बघायला लागला, जणू तिच्या नावावर दोन मजली घर निघालं.

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. टाकलं खरं, पण आमचं दुकान हॉटेलांच्या चादरी धुतं, आणि मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाने होत नाही. दोन कोपरे मी धरायचे, दोन तिने. चादर ताणायची, झटकायची, मग तिने चालत माझ्यापाशी यायचं आणि तिचे कोपरे माझ्या हातात द्यायचे. मी कधी पुढे जात नाही. माझ्या सासूबाईही कधी गेल्या नव्हत्या. चादरींमागून चादरींच्या घड्या आम्ही तोंड मिटून घातल्या. गाडीवाला गठ्ठे न्यायला आला आणि विचारून गेला, घरात कोणी वारलंय का.

रात्री हे म्हणाले, "अगं, देऊन टाक तिला."

"आणि मी काय बघू? तुमची दाढ?"

वाढदिवस आला. रीत मीच घातलेली, ती मी मोडणार नव्हते. सून खुर्चीत बसली. रिमोट मीच तिच्या हातात दिला, पण तो देताना थोडा वेळ मला सोडता आला नाही. सिनेमा लागला. त्या बाईचा मुलगा दारात उभा राहिला, बोलला, बाईने दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खोचली. मी उठले.

दुसरं कोणी उठलं नाही. ह्यांनी तर पाय वर घेतले.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघाले होते. उंबऱ्यापाशी पोचले आणि तहान गेली. म्हणून तिथेच उभी राहिले, इतकंच.

तर पुढे ती बाई कुलूप काढते. कोणी सांगत नाही, कोणी हात जोडत नाही, आपली आपण काढते. बस बदलत बदलत मुलाच्या खोलीवर जाते. तिथे कोणी नाही. बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेत, आणि वारा सुटलाय. बाई दोरीवरचे कपडे काढते. एकेक घडी घालते. शेवटी राहते मोठी चादर. एक टोक हनुवटीखाली धरते, दुसरं सुटतं. ते धरते, तर पहिलं जातं. तेवढ्यात तिची सून कामावरून येते. बघते. पिशवी खाली ठेवते आणि सुटलेले कोपरे उचलते. दोघी मिळून घडी घालतात, एकमेकींशी अक्षर बोलत नाहीत. संपला.

वन्सं डोळे पुसत होत्या. "ह्यात कुत्रा नव्हताच ना?" म्हणाल्या. "नाही, म्हणजे मागे कुठे राहिला का, एवढंच."

ह्यांनी वर घेतलेले पाय खाली सोडले. मग म्हणाले, "म्हणजे दार उघडतं तर. मला वाटायचं, तो मुलगा अजून बाहेरच उभा आहे. थंडी पडली की मला त्याची आठवण यायची."

"मग बोलायचं नाही का?" मी म्हटलं.

"मधे बोलायचं नाही, तूच म्हणतेस."

सून माझ्याकडे बघत होती. मी जेवायला वाढलं. पण ती घडी डोळ्यांसमोरून जात नव्हती. बाईने शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली होती. लाखो लोकांनी ती घडी बघितली असेल आणि एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. तशी चादर मी हॉटेलात पाठवली असती तर संध्याकाळच्या आत परत आली असती. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, तिने हनुवटीखाली टोक धरलं तेव्हा माझे हात आपोआप वर आले होते.

सकाळी शटर उघडलं. पहिलीच चादर सगळ्यात मोठी निघाली. मी दोन कोपरे धरले, सुनेने दोन धरले. ताणली, झटकली. ती नेहमीसारखी चालायला लागली, तसा मी चादरीला एक हिसका दिला. ती जागीच थांबली. आत इस्त्रीवाला होता, त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि कान दिला.

मी म्हटलं, "ऐक गं. दार लावेपर्यंतचा सिनेमा माझा. तिथून पुढचा तुझा. दोघींच्याही वाढदिवसाला तो अख्खा लागेल, आणि खुर्ची मध्यंतराला बदलेल. पण तिची ती घडी चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे मी दर वेळी मोठ्याने सांगणार. तेव्हा मला कोणी गप्प बसवायचं नाही, तू तर नाहीच. आता तिथेच उभी राहा, कोपरे सोडू नकोस. आज मी येते तुझ्याकडे."