मरणाऱ्याची मंजुरी

वेंडल हुर्मे नोव्हेंबरात गेला, थंडर बेच्या इस्पितळात, नाकात ऑक्सिजनच्या नळ्या असताना. आणि जानेवारीत तो परत आला. म्हणजे त्याचा सर ओस्विन परत आला. तोच निळा झगा, तीच वाकडी तलवार, आणि भर चौकात येऊन उभा. ब्रँडनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात लॉर्ना पेटकाऊ स्क्रीनकडे बघत राहिली. समोरची कॉफी निवून गेली.

हॅरोव्हेल हा ऑनलाइन खेळ. तलवारी, जादूटोणा, राक्षस, सगळं त्यात आहे. पण लॉर्नाच्या मंडळातल्या लोकांना राक्षस मारण्यात काडीचा रस नव्हता. ही माणसं तिथे संसार करायची. दर रविवारी दुपारी कुणी चोर व्हायचं, कुणी भटजीबुवा, आणि मग टाइप करकरून बोलणी, भांडणं, लग्नं, कटकारस्थानं चालायची. आठवडाभर शाळेची बस चालवणारी लॉर्ना तिथे डोर्का होती, 'लंगडं बदक' या खाणावळीची मालकीण. आणि वेंडलचा ओस्विन हा तिथला नामांकित भित्रा. लढाईतून सगळ्यांत आधी पळायचा आणि सगळ्यांच्या आधी खाणावळीत येऊन आपल्या पराक्रमाच्या थापा मारायचा. त्याच्या थापा ऐकायला लोक जेवणं आटोपून वेळेवर हजर व्हायचे.

दोघं प्रत्यक्ष एकदाच भेटली होती, केनोरात, एका डोनटच्या दुकानात. वेंडलने तिच्यासाठी लाकडाचं बदक कोरून आणलं होतं, एक पाय मुद्दाम तोकडा ठेवून. ते अजून तिच्या खिडकीत कलतं उभं आहे. लॉर्नाचा त्याच्यावर जीव होता. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला तो उरला नव्हता.

मंडळाची एक रीत होती. खेळाडू खरोखर वारला की त्याच्या पात्राला मारायचं नाही. तो दूरच्या प्रवासाला गेला म्हणायचं, खाणावळीतली त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि दर रविवारी पहिला पेला त्या खुर्चीपुढे ठेवायचा. डोर्का हे दोन महिने बिनचूक करत होती. आणि आता प्रवासी स्वतःच दारात.

खुलासा मंडळाच्या प्रमुखाने केला. कर्टिस बाल्ड्री हा स्पोकेनमध्ये गालिच्यांचं दुकान चालवणारा गृहस्थ. खेळात तो सरदार हॅल्ड्रिक, त्या अख्ख्या शहराचा धनी. त्याने दुहेरी कंसात लिहिलं. दुहेरी कंसातलं बोलणं खऱ्या माणसाचं आणि बाहेरचं पात्राचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"((मित्रहो, वेंडलची बहीण फे हिने भावाची आठवण म्हणून ओस्विनला चालवायचं ठरवलंय. तिला लाजवू नका, फार प्रश्न विचारू नका.))"

लोकांना गहिवरून आलं. लॉर्नालाही आलं, हे कबूल करायला हवं.

पण पुढच्याच रविवारी ओस्विन बिघडला. त्याचा भित्रेपणा राहिला, त्यातली गंमत गेली. तो हॅल्ड्रिकच्या पायाशी लोळू लागला, त्याचे जोडे पुसू लागला. आणि एके दिवशी भर दरबारात त्याने कबुली दिली की शहराच्या वेशीच्या किल्ल्या आपणच शत्रूला विकल्या, आणि आजवरच्या सगळ्या थापा हे पाप झाकण्यासाठीच होत्या. हॅल्ड्रिकने गंभीर भाषण ठोकलं. खटला जाहीर झाला. लोकांनी वाहवा केली, कारण गोष्ट रंगली होती.

लॉर्ना मात्र दुसरंच बघत होती. हॅल्ड्रिक बोलायचा तेव्हा ओस्विन पुतळ्यासारखा असायचा. ओस्विन बोलायचा तेव्हा हॅल्ड्रिक. आणि कबुलीजबाबात ओस्विन म्हणाला होता, "थोडक्यात सांगायचं तर." हे कर्टिसचं पालुपद. थोडक्यात मात्र त्याने जन्मात काही सांगितलं नव्हतं.

तिने थंडर बेला, फेला फोन लावला.

"खेळ?" फे म्हणाली. "अहो, माझ्या घरात कॉम्प्युटर नाही. मी कसला खेळ खेळतेय?"

"वेंडलने पासवर्ड कुणाला दिला होता का?"

"इस्पितळात असताना एकाला दिला खरा. कर्टिस का काय. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही की तिकडचं घर जप्त होतं म्हणे. तेवढं घर वाचव म्हणाला. का हो? काय झालं?"

लॉर्नाने सांगितलं.

"माझ्या भावाला चोर ठरवलं?" फे म्हणाली. "त्याच्या माघारी?"

लॉर्नाने त्याच दिवशी कर्टिसला खासगीत लिहिलं. "ओस्विनला सोड."

"ते फेला विचार."

"विचारलं."

"हे बघ लॉर्ना, गोष्टीला एक फितूर हवा होता, आणि त्याच्यासारखं लाडकं पात्र दुसरं नव्हतं. थोडक्यात सांगायचं तर, मेलेल्या माणसाला कशाचं काय? तू उगाच मनाला लावून घेतेस. थोडे दिवस विश्रांती घे. खाणावळ सांभाळायला मी दुसरं कुणी बघतो, हवं तर."

मेलेल्या माणसाला कशाचं काय. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. कर्टिसला वेंडल कधीच सहन झाला नव्हता, हे तिला आता लख्ख दिसलं. सरदारसाहेबांच्या लांबलचक भाषणांत मध्येच 'वेळ होतोय, बिअर गरम होतेय' म्हणणारा तोच एकटा होता, आणि लोक भाषण विसरून हसायचे. जिवंतपणी त्याला गप्प करता आलं नाही. म्हणून आता त्याच्याच तोंडून त्याची अब्रू काढणं चाललं होतं.

ती हे सगळं चव्हाट्यावर आणू शकली असती. पण कर्टिसला ती ओळखून होती. तो रडला असता, माफी मागितली असती, दुःखाच्या भरात वाहवत गेलो म्हणाला असता, आणि महिन्याभरात पुन्हा सिंहासनावर बसला असता. तिला माफी नको होती. त्याने वेंडलचं जे केलं तेच त्याचं व्हायला हवं होतं.

तिने मंक्टनला डेल्फिन थिबोदोला फोन केला. डेल्फिन पहिलीच्या मुलांना शिकवते आणि खेळात शहराचा जल्लाद आहे, काळा हबर्ट. खटल्यानंतर ओस्विनला फासावर द्यायचं काम तिचंच होतं.

"अगं, मी तर त्याच्या फाशीसाठी छान संवाद लिहून ठेवलेत," डेल्फिन म्हणाली. मग तिने सगळं ऐकलं. "मेल्याचे दात पाडायला हवेत."

"दात नकोत. तुझी हकीमीण कशी मेली ते आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

इथली दुसरी रीत अशी. पात्राला कायमचं मारायचं तर त्याच्या खेळाडूने त्याच पात्राच्या नावाने सगळ्यांसमोर कंसात 'मंजूर' म्हणायला हवं. मंजुरीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नाही, आणि मंजुरी दिल्यावर कुणी कुणाला उठवू शकत नाही. मेलेलं पात्र परत दिसलं तरी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. जो बोलेल तो मंडळाबाहेर. डेल्फिनने पूर्वी एकदा शाळेची घंटा वाजत असताना घाईत 'मंजूर' लिहिलं होतं. तिला वाटलं, नुसत्या जखमेला विचारताहेत. पाच वर्षं जपलेलं तिचं आधीचं पात्र, ती हकीमीण, त्यात गेलं. ती हातापाया पडली तेव्हा कर्टिसने सगळ्यांसमोर सुनावलं होतं: कंसात बोललं ते बोललं.

"तो स्क्रीनवर दोन खिडक्या उघडून बसतो," लॉर्ना म्हणाली. "एकीत हॅल्ड्रिक, दुसरीत ओस्विन. मंजुरीच्या वेळी तो चुकीच्या खिडकीत असायला हवा."

"आणि तो तिथे कसा असेल?"

"कौतुक झालं की त्याच्याने उत्तर दिल्याशिवाय राहवतं का? ते मी बघते. तू फक्त विचारताना नाव घेऊ नकोस."

फाशीच्या रविवारी ब्रँडनमध्ये उणे तीस होतं आणि खिडकीवर आतून बर्फ धरलं होतं. लॉर्नाने बदक उचलून कीबोर्डशेजारी ठेवलं. चौकात सारं मंडळ जमलं होतं. वधस्तंभावर ओस्विन, गळ्यात दोर. समोर उंच आसनावर हॅल्ड्रिक, मखमली झग्यात. त्याने निकाल वाचला. मग ओस्विन रडून दयेची भीक मागू लागला. मग हॅल्ड्रिकने दया नाकारली. मग ओस्विन पुन्हा रडला. कर्टिसची बोटं या खिडकीतून त्या खिडकीत कशी धावत असतील ते लॉर्नाला दिसत होतं. तिने मनात म्हटलं, पळ, अजून पळ.

काळा हबर्ट दोराला हात घालू लागला, तशी डोर्का गर्दीतून पुढे झाली आणि हॅल्ड्रिकपुढे गुडघे टेकून बसली. वर्षानुवर्षं ती त्याच्यापुढे वाकली नव्हती. गर्दीत कुजबुज उठली.

"सरदारसाहेब," ती म्हणाली, "मी आपल्याला ओळखलंच नाही. या माणसाला मी पदरचं खाऊ घातलं आणि आपल्याशी मात्र मिजास केली. आपल्याइतका न्यायी माणूस या शहराने पाहिला नाही. मला क्षमा करा."

यातलं एक अक्षरही तिच्या मनातलं नव्हतं. तिने शब्द कमी केले नाहीत.

हॅल्ड्रिक ताबडतोब उठला. "ऊठ, डोर्का. थोडक्यात सांगायचं तर, मोठ्या मनाचा माणूस राग धरत नाही." आणि तो बोलतच राहिला. न्यायावर, निष्ठेवर, स्वतःच्या एकटेपणावर.

त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच डेल्फिनने लिहिलं, "((वेळ होतोय. मरणाऱ्या खेळाडूने सांगावं. मृत्यू मंजूर? कायमचा?))"

आणि खाली लगेच उमटलं. हॅल्ड्रिक: "((मंजूर. कायमचा.))"

मग कुणीतरी लिहिलं, "((हे हॅल्ड्रिकने म्हटलं ना?))" आणि आणखी कुणी, "((कर्टिस?))"

"((मी सरदार म्हणून शिक्षेला मंजुरी दिली,))" कर्टिसने लिहिलं. "((थोडक्यात सांगायचं तर.))"

"((शिक्षेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं,))" डेल्फिन म्हणाली. "((मरणाऱ्याला विचारलं होतं.))"

"((बरं, चूक झाली. मी त्या खिडकीत...))" तो थांबला. पण लिहिलेलं लिहून गेलं होतं.

"((कोणत्या खिडकीत, कर्टिस?))" लॉर्नाने विचारलं. "((तिकडे तर फे आहे ना?))"

एकमेकांचे आवाज ऐकायला मंडळाचं एक ध्वनिदालन होतं. रविवारी सगळे तिथे कानाला हेडफोन लावून असायचे. लॉर्नाने टेबलावर आधीच लावून ठेवलेला फोन मायक्रोफोनजवळ धरला.

"मी फे हुर्मे बोलतेय," एक म्हातारा, खरखरीत आवाज सगळ्यांच्या कानात आला. "मला तुमचा खेळ येत नाही. माझ्या भावाला तिथे फासावर कोण चढवतंय, एवढंच मला सांगा."

हसून, रडून, माफी मागून निसटायच्या कर्टिसच्या सगळ्या वाटा त्या एका आवाजाने बंद झाल्या. चूक म्हणावी तर मेलेल्याच्या अंगात शिरल्याची कबुली, आणि चूक नाही म्हणावी तर मरण. त्याने चूक म्हटली होती, म्हणजे कबुलीही झाली होती. आणि डेल्फिन आता मरणही सोडणार नव्हती.

"((कंसात बोललं ते बोललं,))" तिने लिहिलं. मग कंस सोडून, "काळा हबर्ट ओस्विनच्या गळ्यातला दोर काढतो. आसनाच्या पायऱ्या चढतो. तोच दोर सरदाराच्या गळ्यात घालतो."

"((नको,))" कर्टिसने लिहिलं. "((डेल्फिन, थांब.))"

"काळा हबर्ट ओढतो."

एकेक करून सगळ्यांनी टोप्या काढल्या. कुणी घोषणा केली नाही, कुणी हसलं नाही. हॅल्ड्रिक उभाच होता, पण त्याच्या पायाशी प्रेत पडलंय असं सगळे लिहू लागले, आणि जो तो त्या जागेला वळसा घालून जाऊ लागला. वधस्तंभावर ओस्विन एकटाच उभा राहिला. त्याला चालवणारं कुणी नव्हतं. बराच वेळ हालचाल नसली की खेळ पात्राला आपोआप बाहेर घालवतो, तसा तो हळूहळू विरळ होत नाहीसा झाला. डोर्का तोपर्यंत त्याच्याजवळ थांबली होती. त्या संध्याकाळी फेने खेळाच्या कंपनीला कळवून वेंडलचं खातं बंद करवून घेतलं.

पुढच्या रविवारी लंगडं बदक खच्चून भरलं होतं. डोर्काने पहिला पेला रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. डेल्फिन ओस्विनच्या जुन्या थापांपैकी एक रंगवून सांगत होती आणि पोट धरून हसणं चाललं होतं.

दार उघडलं. हॅल्ड्रिक आत आला.

"शुभ संध्याकाळ," तो म्हणाला.

थाप पुढे चालू राहिली. कुणी मान वळवली नाही. तो एका टेबलाशी गेला, मग दुसऱ्या. नमस्कार केला, माफी मागितली, गुडघे टेकले. मग तो रिकाम्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला. बसायचं धाडस त्याचं झालं नाही.

लॉर्नाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात खासगी निरोप आला. "लॉर्ना, अकरा वर्षं आहेत ही माझी. दुकानात दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. मला दुसरीकडे कुणी नाही. एक शब्द बोल. शिवी दे हवी तर."

तिने तो वाचला. आपल्याला वाईट वाटेल अशी तिची अटकळ होती. वाईट वाटलं नाही. शेजारी बदक आपल्या तोकड्या पायावर कललं होतं. तिने त्याला बोटाने जरा सरळ केलं आणि टाइप करायला घेतलं, खासगीत नाही, सगळ्यांना दिसेल असं.

"डोर्काला वाटतं, कुठून तरी गार वारा येतोय. ती उठते आणि दार लावून घेते."