पत्रिकेतला हितेंद्र

झिपरू धनसिंग पाटील पारोळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि त्यांच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. टकलाखाली झिपरू हे नाव म्हणजे गावाची फुकटची करमणूक. ती दुसऱ्यानं करण्याआधी सर स्वतःच उरकून घेत. नव्या वर्गात पाय ठेवताच म्हणत, "मी झिपरू. झिपऱ्या होत्या, त्या आत्यानं सगळ्या नावातच खर्चून टाकल्या." मुलं हसत, सरही हसत, आणि घरी येऊन आरशापुढे जळफळत.

मुलीची, दिपमालाची, सोयरिक पुण्यात नोकरीच्या ठिकाणी जुळली आणि सरांचं धाबं दणाणलं. धुळ्याच्या व्याह्यांचं नाव भूपेंद्रभाऊ! त्यांच्यापुढे झिपरू म्हणून कुठल्या तोंडानं उभं राहायचं? सरांनी गॅझेटात नाव बदललं, व्याह्यांना तेच सांगितलं आणि पत्रिकेवर छापून टाकलं, 'आपला नम्र, हितेंद्र धनसिंग पाटील'. पन्नाशीत स्वतःचं बारसं स्वतःच करणारा शहाणा खान्देशात आपण एकटेच, असं त्यांना वाटलं. थोडी लाजही वाटली.

पत्रिका वाटून झाल्या. व्याही मंगल कार्यालय बघायला आले, बैठकीत चहा घेत बसले, आणि तेवढ्यात दोंडाईचाहून सरांची आत्या ताईबाई धडकली. दारातच तिनं हंबरडा फोडला, "मना झिपरू गया वं माय! माले कोनी सांगं बी नही!"

पोरीचा बाप नसला की पत्रिकेवर चुलत्याबिलत्याचं नाव येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"फुई, मी जिवत शे," ते कसेबसे म्हणाले.

"मंग हाऊ हितेंद्र कोन शे?"

"मीच."

ताईबाई मटकन खाली बसली. "तुना आगोदर चार पोरे गयात रे. मरननी नजर लागाले नको म्हनीसन मी तुनं नाव झिपरू ठेवं. तुले त्यानीच लाज वाटनी?"

आता व्याही हसणार, म्हणून विज्ञानाच्या सरांनी मान खाली घातली.

ताईबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पाहुण्यांकडे बोट केलं. "आनि हाऊ कोन शे?"

भूपेंद्रभाऊंनी कपबशी खाली ठेवली, उठले, वाकून तिच्या पाया पडले.

"मी भिकन, फुई. मना आगोदर तीन गयात."