मुंग्या दिसणारी बाई

मला नवऱ्याची किळस येते, हे आधीच सांगून टाकते. मारझोड नाही, दारू नाही, बाहेरख्यालीपणा नाही. आमचे हे अगदी सभ्य गृहस्थ. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "आमचा रमाकांत म्हणजे गरीब गाय." गाय बरी हो, निदान दूध तरी देते.

छप्पनची दिवाळी सरते न सरते तोच राजधानी आमच्या लष्कर शहरातून भोपाळला गेली आणि यांच्या बदलीचा हुकूम आला. लष्करातलं बस्तान सोडायचं म्हणजे घरात सुतकच पडलं. ऑफिसात कुणीसं यांना सांगितलं की घरात कुणी वेडं असेल आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं तर बदली रद्द होते. रात्री जेवताना हे सासूबाईंना सांगत होते. पोळ्या लाटता लाटता मीही ऐकलं. पण आमच्या घरात वेडं कोण होतं?

त्याच सुमाराला मला चक्कर यायला लागली. चुलीपुढून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा तर मी धाडकन पडले. हाताला मुंग्या यायच्या, मग मी हात झटकत बसायची. "हिला काय होऊन राहिलंय?" सासूबाई म्हणायच्या. मी वाईची, मला एरवी असल्या हिंदी वळणाच्या मराठीचं हसू यायचं.

एके दिवशी हे आपणहून म्हणाले, "चल, तुला डॉक्टरकडे नेतो." दीड वर्षाच्या संसारात पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की ठेवणीतलं लुगडं नेसले. काय मूर्ख बाई मी.

डॉक्टर वयस्क, हिंदी बोलणारे. माझ्याऐवजी हेच सांगायला लागले. माझं हिंदी भाजीवालीपुरतं, आणि यांच्या मते तेवढंही नाही.

"डॉक्टर साहब, इनको हाथ पर चींटियाँ दिखती हैं. दिनभर झटकती रहती हैं, फिर बेहोश हो जाती हैं. दिमाग का मामला है. आप बस लिख दीजिए."

मुंग्या दिसतात म्हणे. हाताला मुंग्या येणं म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊक नव्हतं? आईच्या पायाला मुंग्या आल्या की हाच चोळत बसतो. झुनझुनी म्हणायचं, तर चींटियाँ म्हणाला, आणि वर माझ्याकडे बघून गोड हसला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"झूठ," मी म्हटलं. "चींटी-वींटी कुछ नहीं दिखती. हाथ सो जाता है."

डॉक्टरांनी यांना बाहेर बसवलं. पडण्याआधी काय होतं, घाम फुटतो का, जीभ चावली जाते का, शुद्धीवर आल्यावर माणसं लगेच ओळखू येतात का, सगळं मलाच विचारलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मला निजवून रक्तदाब बघितला, उभं करून पुन्हा बघितला, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. जेवता कधी, म्हणाले. सगळ्यांचं झाल्यावर, मी म्हटलं, उरेल ते. रक्त फार कमी आहे, म्हणून उभं राहिलं की चक्कर येते, डोकं मात्र ठणठणीत आहे, असं ते म्हणाले आणि तसंच लिहून दिलं.

परतताना टांग्यात हे माझ्याकडे सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "सगळं घालवलंस. नुसतं कागदावर वेडं व्हायचं होतं. तुझं काय बिघडलं असतं?"

"मग स्वतःच्या नावानं घ्यायचं होतं लिहून."

"माझ्या?" ते खरंच चकित झाले. "अगं, मला चार लोकांत वावरायचं असतं."

रागानं नाही, लहान मुलाला समजावावं तसं बोलले. वर माझी शाल खांद्यावर नीट केली, थंडी बाधेल म्हणून. ती शाल काढून मी त्यांच्या मांडीवर टाकली. मी सोबत जायचं नाकारलं; भोपाळला ते एकटेच गेले.