आदल्या दिवशीचं पुष्पचक्र

माझी बायको सुवर्णा गेली त्याला वर्ष झालं. तिच्या दहाव्याला मी गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीच्या घाटावर, तिच्याशी खोटं बोललो. ते अजून घरात कोणाला माहीत नाही.

मखमलाबादला आमची दीड एकर गुलाबाची बाग आहे. सकाळी तोडलेली फुलं दुपारी घरात बसून वीस-वीसच्या जुड्यांत बांधायची, हे काम आम्ही दोघं टीव्हीसमोर करायचो. जीवनने, आमच्या मुलाने, टीव्हीला नेट जोडून दिलं होतं. त्यावर सुवर्णाला इंग्रजांची एक मालिका सापडली, हिंदीत केलेली. सत्तर वर्षांपूर्वीचं विलायतेतलं गाव, तिथला एक म्हातारा पाद्री. प्रत्येक भागात कोणाचा तरी खून व्हायचा आणि पोलिसांच्या आधी हा पाद्री खुनी शोधायचा. चर्चच्या मागे त्याचे गुलाब होते. ते छाटता छाटता तो विचार करायचा.

"ह्याला छाटणी येत नाय," सुवर्णा पहिल्याच दिवशी म्हणाली. "फुटव्याच्या डोळ्याच्या वर एवढी काडी कोणी ठेवतं का?"

"तू खून बघ."

"खून बघतेच हाय. पण ह्याच्या झाडाला फुलं कशी लागतात, तेच मला कळंना."

चार-पाच भाग झाल्यावर ती पाद्र्याच्या आधी खुनी सांगायला लागली. मला कधीच जमलं नाही.

"अहो, तो माणूस बोलताना कपाचा कान चोळतो बघा. तुम्ही मान खाजवता तसं."

"मी कधी मान खाजवतो?"

"खोटं बोलताना. लग्नापासून."

शरणपूरच्या चर्चमध्ये नाताळला आमची फुलं जातात. तिथल्या फादरांना तिने एकदा सरळ विचारलं, "फादर, तुम्ही कधी खुनी पकडला का हो?" ते म्हणाले, "मावशी, माझी छत्री कोण नेतं तेच मला दोन वर्षं सापडेना." घरी येईपर्यंत ती गाडीवर मागे बसून हसत होती.

तिचा एक नियम होता. शेवट कोणी आधी सांगायचा नाही. जीवनने एकदा जाता जाता खुन्याचं नाव सांगून टाकलं, तर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "नाव कळून काय करू? कसं कसं झालं ते पहिल्यापासून पाहिजे," म्हणाली.

मालिकेतली शेवटची गोष्ट दोन भागांची होती. एक श्रीमंत म्हातारी विष घालून मारली जाते. सकाळी मोलकरणीला ती मेलेली सापडते. दुपारी गावातली माणसं भेटायला येतात, त्यात डॉक्टरची बायको पुष्पचक्र घेऊन येते. सुवर्णाने हातातली जुडी खाली ठेवली.

"थांबवा. मागं घ्या."

मी मागे घेतलं.

"हे चक्र आजचं नाय. पाकळ्यांच्या कडा बघा, काळ्या पडल्यात. फुलांनी मान टाकलीय. हे काल बांधलंय. म्हातारी मेल्याचं गावाला आज सकाळी कळलं. मग आदल्या दिवशी चक्र कोण बांधील? ज्याला माहीत हाय तोच."

तीस वर्षं फुलं हाताळलेली बाई. मला पटलं. दुसरा भाग उद्या बघायचा ठरलं.

त्याच संध्याकाळी तिच्या पोटात कळ आली. कळ आधीपासून येत होती. ती ओवा खाऊन गप्प राहायची आणि मीही गप्प राहिलो. दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि जीवनला बाहेर बोलावून सांगितलं की फार उशीर झालाय, आठ-दहा दिवस. आम्ही तिला सांगायचं नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच म्हणालो, तो रडत होता.

जीवन तिला म्हणाला, "आई, तुझा तो शेवटचा भाग मोबाईलवर लावू का?"

"नको. एवढ्याशा डबीत काय दिसायचं? घरी जाऊन बघू, जुड्या बांधत." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही एकटे बघू नका हां."

"नाही बघणार. डॉक्टर म्हणतात, सोमवारी घरी जाऊ."

तिने माझ्याकडे बघितलं. माझा हात मानेवर होता. तिने चादर वर ओढून भिंतीकडे तोंड केलं. सोमवार यायच्या आधीच ती गेली.

दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरकलो. कावळे आसपास भरपूर होते, पण एकही पिंडाजवळ येईना. आमच्यात असं झालं की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय म्हणतात, आणि घरातला एकेक माणूस पुढे होऊन शब्द देतो.

माझ्या खांद्याला हात लावून जीवन पुढे झाला. "आई, मी दादांना अंतर देणार नाही." कावळा आला नाही.

सून वैष्णवी म्हणाली, "आई, तुमच्या बागेतलं एक झाड वाळू देणार नाही." नाही आला.

सुवर्णाचा भाऊ नवनाथ देवळ्याहून आला होता. तो म्हणाला, "आक्का, तुझं दिवाळीचं माहेरपण राहिलं, त्याची साडी मी वैष्णवीला नेसवीन." एक कावळा उडून पलीकडच्या पिंडावर बसला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "पोटं भरलीत त्यांची, सकाळपासून जेवताहेत."

तास होऊन गेला. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू. तसंही चालतं."

मला ते नको होतं. तिचं मन कशात अडकलंय ते मला ठाऊक होतं, पण चारचौघांत ते कसं बोलणार? लोक म्हणाले असते, बायको गेली अन् ह्याला टीव्ही सुचतोय. मी पिंडाजवळ जाऊन खाली बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "तुझं बरोबर होतं. डॉक्टरच्या बायकोनेच मारलं. मी बघितलं."

मी उठून चार पावलं मागे आलो नाही, तोच कावळा उतरला.

"दाजी, काय सांगितलं हो तुम्ही?" नवनाथने विचारलं.

"काही नाही. बागेचं."

हात कुठे आहे ते मी बघितलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी तो भाग लावला नाही. ती बरोबर निघाली तर माझं खोटं आपोआप खरं होणार होतं. चुकीची निघाली तर मी तिला दुसऱ्यांदा फसवलं, तेही ती उलटून काही बोलू शकत नसताना. वैष्णवी दोनदा म्हणाली, "दादा, तो भाग लावून देऊ का?" मी म्हणालो, कंटाळा आलाय त्याचा.

गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, "दादा, ती मालिका या महिन्याअखेर काढून टाकणार आहेत. नंतर दिसायची नाही." वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीवन आणि वैष्णवी बाहेर गेल्यावर मी जुड्या घेऊन बसलो आणि भाग लावला.

खून डॉक्टरच्या बायकोने केला नव्हता. म्हातारीच्या कारकुनाने केला होता, मृत्युपत्रासाठी. पाद्र्याने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून नीट समजावून सांगितलं. पुष्पचक्राचं नावही काढलं नाही. मी पहिला भाग परत लावून ते चक्र थांबवून बघितलं. कडा काळ्याच होत्या. फूल शिळंच होतं. मालिका करणाऱ्यांनी आदल्या दिवशीची फुलं आणली असतील, दिव्यांच्या उष्णतेत ती आणखी मलूल झाली असतील, आणि इतक्या माणसांत ते कोणाच्या लक्षात आलं नसेल. पाद्र्याच्याही नाही. तिच्या आलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

त्या दिवशीच्या जुड्यांत कुठे अठरा फुलं निघाली, कुठे बावीस.

वर्षश्राद्धाला वैष्णवीने वडे आणि खीर केली. कावळ्याचं पान घेऊन मी एकटाच गच्चीवर गेलो. पान कठड्यावर ठेवलं आणि म्हणालो, "दहाव्याला मी खोटं बोललो. दवाखान्यातही बोललो होतो. ते तुला कळलं होतं, मला माहीत आहे. भाग मी एकट्याने बघितला."

खुन्याचं नाव तोंडाशी आलं होतं. पण तिला ते चाललं नसतं. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. पाद्री सकाळी उठून बागेत येतो, तिथपासून. छाटणी अजून तशीच करतो, तेही सांगितलं.

पाद्री मोलकरणीला विचारायला जातो, तिथवर आलो तोच कावळा आला. वडा घेतला, खिरीत दोनदा चोच घातली आणि हनुमानवाडीकडे उडून गेला.

"थांब ना," मी म्हणालो. "अजून बरंच राहिलंय."

खालून जीवनने हाक मारली, "दादा, शिवला का?"

"शिवला."

"मग या की जेवायला. सगळे थांबलेत."

"तुम्ही बसा," मी म्हणालो, आणि पानाजवळ बसून मोलकरणीपासून पुढचं सांगू लागलो.