रविवारची होडी

टॉर्कलने घराची गोष्ट काढली तेव्हा त्याच्या तोंडात आईने तव्यावर भाजून दिलेलं ओटचं बिस्किट होतं. ते गिळायचाही त्याला धीर नव्हता.

टॉर्कल माझा थोरला भाऊ. ग्लासगोत असतो. दर उन्हाळ्यात एकदा उगवतो आणि मग आम्ही दोघं सायकली काढतो. बारा नावाच्या बेटावरून सुरुवात करायची, फेरीबोटी बदलत एकेक बेट मागे टाकायचं आणि हॅरिसला आपल्या गावी पोचलं की काकांच्या शेडला सायकली टेकवून दोघांची कयाक काढायची. समोरच्या ओसाड ओरासाय बेटावर तंबू ठोकायचा. शनिवारी जायचं, सोमवारी परतायचं. मधला रविवार तिथेच बसून काढायचा, कारण रविवार देवाचा; त्या दिवशी आमच्या गावात कोणी काम करत नाही की होडी पाण्यात घालत नाही. आठवडाभर हा माझ्या मागे सायकल मारत होता, माझ्या चाकाची पंक्चर काढत होता, आणि हे सगळं पोटात ठेवून होता.

"घर विकलं म्हणजे?" तंबूबाहेर बसल्या बसल्या मी ओरडले. "आई राहते त्यात!"

"विकलं कुठे अजून? नुसतं हो म्हणालोय. सही बुधवारी." स्टोव्हवरचा चहा तो उगाच ढवळत राहिला. बाबांनी घर याच्या नावावर केलं होतं, एकुलता मुलगा म्हणून. "आईला स्टॉर्नोवेच्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय. चांगली आहे गं. समुद्र दिसतो."

"समुद्र तिला आत्ताही दिसतो. सांगितलंस तिला?"

"तू सांगशील का, मर्डिना? तुझं ऐकते ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची औषधं मी द्यायची, तिच्या चुलीतली राख मी काढायची, रात्री ती धडपडली तर धावत मी जायचं, आणि आता तुझं घर गेलं हेही मीच सांगायचं!

"ऊठ," मी म्हणाले. "आत्ता जाऊ. तुझ्या तोंडाने सांग."

"आत्ता? अगं, आज रविवार आहे!"

"मग?"

"पोचेपर्यंत चर्च सुटेल. अख्खा गाव बघेल. आईच्या डोळ्यांदेखत रविवारी वल्हं मारत जायचं? जिवंत सोडेल का ती मला?"

मला हसू फुटलं, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तिला घराबाहेर काढताना लाज वाटत नाही आणि रविवारी वल्हं धरायला वाटते? शाबास!"

तंबू मी ओलाच गुंडाळला. कयाक पाण्यात ढकलली, पुढे बसले आणि एकटीनेच वल्हवायला लागले. दोघांची कयाक एकटीच्या हातात सरळ कशी जाणार? ती गोल फिरायला लागली तसा हा कमरेएवढ्या पाण्यातून धावत आला आणि मागे चढला. मागच्याने पुढच्याचा ताल धरायचा असतो. मी मुद्दाम ताल ठेवलाच नाही. वल्ह्यांवर वल्ही आपटत होती.

"नीट मार ना!"

"तू तोंड बंद ठेव."

किनारा जवळ आला तेव्हा चर्चमधून काळे कोट बाहेर पडत होते. आम्हाला बघून ते थबकले. आणि मग धावत सुटले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे रविवारी होडी येते ती कोणाच्या जिवावर बेतलं तरच. नर्स इशबेल हॅट फेकून धावत होती. चर्चचे ज्येष्ठ लॅक्लनकाका, ज्यांचे गुडघे गेलेत, ते ब्लँकेट घेऊन लंगडत येत होते. सगळ्यांच्या मागे काठी टेकत आई. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. रागाच्या भरात मी तिला केवढं घाबरवून सोडलं होतं!

"कोण बुडालं?" इशबेलने बूट घालूनच पाण्यात शिरून कयाक धरली.

"टॉर्कल! तुला लागलंय का रे, बाळा?" आईने विचारलं.

"नाही, आई."

"मर्डिनाला?"

"नाही."

आईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिची भीती गेली आणि लहानपणापासून आम्हाला ठाऊक असलेली ती नजर आली. "मग जीव कोणाचा चाललाय?"

"सांग," मी म्हणाले. "सगळे आलेतच."

तो पुटपुटला.

"मोठ्याने," आई म्हणाली. "या कानाने मला ऐकू येत नाही."

त्याने ते पुन्हा सांगितलं. घर, वृद्धाश्रम, बुधवार, सगळं. लॅक्लनकाका ब्लँकेटची घडी घालत राहिले.

"मर्डिना, होडी काढलीस ते बरोबर केलंस," आई शेवटी म्हणाली. "निकडच होती." मग टॉर्कलकडे वळली. "व्यवहाराचं बोलणं आज नाही. उद्या सकाळी घर घेणाऱ्यांना फोन लावायचा आणि नाही म्हणून सांगायचं. मी शेजारी बसेन."

तिने माझा दंड धरला. आम्ही वर चढायला लागलो, तसा मागून टॉर्कल ओरडला, "अहो, कोणीतरी हात लावा! भरती येतेय, एकट्याने उचलवत नाही ही!"

लॅक्लनकाकांनी हॅट नीट केली. "आता कसली निकड? आज रविवार आहे, बाळ," ते म्हणाले. सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

आईने शनिवारीच करून ठेवलेलं सूप मी गरम केलं. खिडकीतून टॉर्कल दिसत होता, गुडघाभर पाण्यात कयाक धरून उभा. आईने तीन वाडगे मांडले होते. मी त्यातला एक उचलून फडताळात ठेवला. तिने तो पुन्हा बाहेर काढला. पण त्याला हाक मारायला खिडकी काही तिने उघडली नाही.