उत्तरेश्वरच्या कपड्यांची गोधडी

यमुनाबाईंनी गोधडीचा शेवटचा टाका घातला तो रविवार होता. पुण्याच्या वारज्यातल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. सून प्रियदर्शनी भाकरी थापत होती आणि सहा वर्षांची राजनंदिनी आजीला सुईत दोरा ओवून देत होती. यमुनाबाईंचा थोरला मुलगा उत्तरेश्वर दिवाळीनंतर गेला. त्याच्या कामावरच्या पँटी, शर्ट, एक जुना स्वेटर, सगळं उसवून त्यांनी नातीसाठी पांघरूण शिवलं होतं. गेलेल्या माणसाचे कपडे टाकायचे नाहीत, त्याची ऊब लेकराच्या अंगावर राहू द्यायची, असं त्यांच्या माहेरी बीडकडच्या गावात मानत. रीत वाईट नव्हती. माणसाला माणूस सोडवत नाही, त्याला कुणी काय करावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी राजनंदिनी मान खाजवत उठली. गळ्याला, दंडांना लाल चट्टे उठले होते.

"आज्जी, बाबा टोचायलेत," ती म्हणाली.

"कुठं गं?"

"गोधडीत. तूच म्हनलीस ना, गोधडीत बाबा हायेत म्हणून."

यमुनाबाईंनी गोधडी झटकून पाहिली. ढेकूण नाही, किडा नाही, मुंगीसुद्धा नाही. त्यांनी ती स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळली. थोड्या वेळानं त्यांच्याही मानेला बारीक टोचायला लागलं. दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवला नव्हता, हे त्यांना तेव्हा आठवलं. लेकाचा जीव अजून अडकलेला होता तर. गोधडी त्यांनी फेकून मात्र दिली नाही. आपल्या मुलाला कुठली आई घराबाहेर काढील?

उत्तरेश्वर आप्पासाहेबांच्या शेडमध्ये कामाला होता. आप्पासाहेब वारज्याचेच मूळचे शेतकरी. शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड टाकून फायबरच्या नावा करायला घेतल्या. बागेतल्या तळ्यात पायांनी चालवतात ना, तशा, हंसाच्या आकाराच्या. काचेच्या धाग्यांचं कापड रसायनात भिजवून साच्यात थरावर थर बसवतात. साच्यातून निघालेला हंस खरखरीत असतो. मग त्याला ग्राइंडर लावायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा घासायचा. आपण लेकराला त्यात बसवून फोटो काढतो तेव्हा त्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहावा. किती गुळगुळीत असते! तिथून जे घासून निघालं ते कुठे गेलं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

ते उत्तरेश्वरच्या छातीत गेलं, आणि कपड्यांत. संध्याकाळी सुटताना कामगार हवेच्या पाइपनं एकमेकांचे कपडे झाडत. वरची धूळ उडे आणि काचेचे बारीक कण शिवणीत आणखी घट्ट जाऊन बसत. प्रियदर्शनी ते कपडे घरच्या कपड्यांतच धूत असे. तिचे हात कायम खाजत. तो म्हणे, कामाची खाज आहे, चालायचंच. जिवंतपणी जी खाज कामाची होती ती मेल्यावर भुताची झाली, एवढाच काय तो फरक. छाती भरू नये म्हणून आप्पासाहेब रोज गुळाचा खडा वाटत. गुळानं धूळ पोटावाटे निघून जाते, असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता. गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते, आणि दोघांची वाटेत गाठ पडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उत्तरेश्वरनं किती गूळ खाल्ला असेल देव जाणे. शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच गेलेली होती.

यमुनाबाई शेजारणीबरोबर एका देवऋषीकडे गेल्या. त्यानं तांदळाचे दाणे पाटावर टाकले आणि मान हलवली.

"पोराचं काम अर्धं राहिलंय. जीव तिथंच घुटमळतोय. रक्ताच्या माणसानं त्याची जागा घेतली तर सुटंल. आणि घरातली बाई टिकली लावून हिंडती, ते त्याला बघवत न्हाई."

प्रियदर्शनी कर्वेनगरच्या एका मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाई. नवरा गेल्यावरही ती लहानशी टिकली लावायची. त्या संध्याकाळी तिनं आरशासमोर उभं राहून ती काढली. पण गावाहून धाकट्या दिराला, संतोषला, बोलावून घ्यायचं ठरलं तेव्हा तिला गप्प बसवेना.

"आत्या, भाऊजींना तिथं नका पाठवू. दुसरं कायबी काम बघू."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या पायगुणानं एक गेला माझा. आता दुसऱ्याच्या मधी येऊ नको."

विधवेला गप्प करायला आपल्याकडे एवढं एक वाक्य पुरतं. शिकल्यासवरल्यांच्या घरीही पुरतं, फक्त तिथे ते जरा सभ्य शब्दांत सांगतात. प्रियदर्शनी परातीत पीठ घेऊन मळत बसली. तिला स्वतःचाच राग आला होता.

संतोष आला. विशीतला, गडगडाटी हसणारा, जिना चढताना गाणी म्हणणारा मुलगा. आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माणूस गेला की जागा घरातच द्यायची, ही आपल्या शेडची रीत हाय," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्या रात्री यमुनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

उन्हाळा सरता सरता जिन्यावरची गाणी थांबली. संध्याकाळी पांढरा होऊन येणारा संतोष बादलीशी बसून नुसता दंड खाजवी. आणि मग एका संध्याकाळी यमुनाबाई मेथी निवडत बसल्या असताना खालून खोकला ऐकू आला. कोरडा, दोनदा तुटून पुन्हा उचल खाणारा.

यमुनाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तू आला गं," त्या म्हणाल्या. "ऐकलंस का? माझा उत्तूच हाय. शांत झाला बघ. घरी यायला लागला."

प्रियदर्शनीनंही तो ऐकला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तो आधी जिन्यात येतो, मग जेवताना येतो, मग माणूस आडवा झोपू शकत नाही, भिंतीला टेकून रात्र काढतो. दारात संतोष उभा होता आणि त्याची आई त्याच्याकडे पाहत दुसऱ्याच कुणाला तरी डोळे भरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी संतोष डबा विसरला. मेसमधून घरी आल्यावर प्रियदर्शनी तो घेऊन शेडवर गेली. आत पांढरं धुकं होतं. छताला हंसांच्या माना दोरीनं टांगलेल्या होत्या, अजून डोळे न रंगवलेल्या. ती दारात उभी राहिली आणि थोड्याच वेळात तिच्या हातांना टोचायला लागलं. तेच टोचणं. तिनं हात पदराखाली घेतले, मग पुन्हा बाहेर काढून नीट पाहिले. उन्हाच्या तिरिपीत कातडीवर बारीक काहीतरी चमकत होतं.

जुने कामगार बापूराव कोपरानं पाठ खाजवत बाहेर आले.

"बापूराव, तुम्हाला कोण टोचतंय हो?" तिनं विचारलं.

"कोण टोचणार? काच टोचती. माझी बायको माझे कपडे लेकरांच्यात घालतच न्हाई." मग त्यांना तिचा चेहरा दिसला. "का हो वहिनी?"

ती आत पाहत होती. कोपऱ्यात एक यंत्र होतं, प्लास्टिकखाली, हळदकुंकू लावलेलं, गळ्यात सुकलेला झेंडूचा हार.

"ते धूळ ओढायचं," बापूराव म्हणाले. "ग्राइंडरला त्याची नळी लावली की धूळ उडायच्या आधीच आत जाती. पर नळी हातात अडकती, काम रेंगाळतं, म्हणून लावत न्हाईत. खंडेनवमीला पूजा करतो की आम्ही."

ती घरी आली ती थेट यमुनाबाईंसमोर बसली. काच, धूळ, गोधडी, सगळं सांगितलं. यमुनाबाई ऐकून घेईनात.

"काच कधी खोकती का? मी माझ्या लेकाचा आवाज वळखीना व्हय?"

"वळखता ना? मग चला," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात विनवणीही नव्हती. "उद्या तुम्हाला त्यांची भेट घालून देते."

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई शेडवर आल्या. कपाळाला कुंकू नाही, पण धुतलेलं लुगडं नेसून, डब्यात उत्तरेश्वरच्या आवडीचे धपाटे घेऊन. चहाची वेळ झाली. ग्राइंडर एकेक करून थांबले आणि माणसं बाहेर आली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, तोंडाला फडकी. पत्र्याला टेकून ती खोकू लागली. कोरडा, दोनदा तुटून पुन्हा उचल खाणारा खोकला. एकाचा थांबे तोवर दुसऱ्याचा सुरू होई.

यमुनाबाई एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे पाहत गेल्या. त्यांचा मुलगा प्रत्येकाच्या छातीतून त्यांना हाक मारत होता. डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

"प्रिया," त्या हळूच म्हणाल्या, "यातला माझा कोणता गं?"

फडकं सोडून एक जण पुढे आला. "आई, मी. संतोष." आणि त्याला पुढचं बोलता येईना, खोकला आला.

यमुनाबाईंनी पदरानं त्याचा चेहरा पुसला. गाल पुसले, डोळे पुसले, दुसऱ्या मुलाचा चेहरा खालून वर येईपर्यंत पुसत राहिल्या. मग त्यांनी मनगट धरलं. "चल."

गुळाची थाळी घेऊन आलेले आप्पासाहेब मध्येच थांबले. "आई, काय झालं? मास्क हायेत की. मागितला तर देतो मी."

"माझ्या नवऱ्यालाबी तुम्ही असाच द्यायचात," प्रियदर्शनी म्हणाली. "त्यांनी मागितला नाही, म्हणून ते मेले का?"

आप्पासाहेबांना राग यायला हवा होता. तो आला नाही. ते यमुनाबाईंकडे वळले. "बघा आई, तुमच्याकरता जागा धरून ठेवली होती. पोराला नेलंत तर मला दुसऱ्याला द्यावी लागंल."

"द्या की," यमुनाबाई म्हणाल्या. "पर आदी त्याच्या मायचं घर दावा मला. मी तिला सांगून येते."

आप्पासाहेबांनी गुळाची थाळी खाली ठेवली. यमुनाबाई शेडच्या दारातच, पांढऱ्या धुळीत, खाली बसल्या. प्रियदर्शनी त्यांच्या शेजारी बसली. चहा संपला, वेळ झाली, पण त्या दोघींना ओलांडून आत जायला कुणाचा पाय उचलेना.